बे एरियातली थंडी आणि अंगणातला कढीपत्ता: फ्रॉस्टपासून नाजूक झाडं वाचवण्याची पायरी-पायरीनं माहिती

कॅलिफोर्नियात नव्यानं आलेल्या मराठी घरांत बागेचा क्रम बहुधा ठरलेला असतो. आधी कुणीतरी कढीपत्त्याचं रोप देतं. मग मोगरा येतो, जास्वंद येते, शेवग्याच्या बिया रुजतात, आणि एखाद्या उत्साही घरात आंब्याचं कलमही उभं राहतं. एप्रिल ते ऑक्टोबर सगळं छान वाढतं. डिसेंबरात एका सकाळी पडदा सरकवावा तर पानं उकडलेल्या पालकासारखी लोंबत असतात, आणि दुपारपर्यंत काळी पडतात. मग प्रश्न येतो, "अहो, पण इथे तर बर्फ पडत नाही ना?"

नाही पडत. फ्रॉस्ट म्हणजे रात्रीच्या थंडीनं पानांवर गोठणारं दव, त्यासाठी बर्फ पडावा लागतच नाही. बे एरियातली, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीभोवतालची, हवा वर्षभर इतकी सौम्य असते की हिवाळ्यातल्या मोजक्या वाईट रात्रींची तयारी कुणी करत नाही, आणि नुकसान होतं ते तेवढ्या रात्रींत. ही माहिती सॅन होजे, फ्रीमाँट, प्लेझंटन, डब्लिन, लिव्हरमोर, ट्रेसी या पट्ट्यात राहणाऱ्यांसाठी आहे. शिकागो किंवा न्यू जर्सीच्या मंडळींना हिचा उपयोग नाही. तिथे ऑक्टोबरात कुंड्या घरात घेतल्या की विषय संपला.

सुरुवातीला एक गोष्ट समजून घ्या, म्हणजे पुढची प्रत्येक पायरी आपोआप पटेल. फ्रॉस्टच्या रात्री थंडी वरून पडत नाही, खालची ऊब वर निघून जाते. दिवसभर उन्हात तापलेली जमीन रात्री ती उष्णता आकाशाकडे सोडते. ढग असले तर त्यातली बरीचशी परत येते, वारा असला तर वरची थोडी उबदार हवा खाली मिसळते. पण आकाश निरभ्र आणि हवा स्तब्ध असली की जमीन, गवत, पानं भराभर गार होत जातात, भोवतालच्या हवेपेक्षाही गार. पानांवरचं दव गोठतं, पेशींच्या मधल्या जागेत बर्फाचे कण होतात, ते पेशीतलं पाणी ओढून घेतात आणि पेशी कोरडी पडून मरते. म्हणून आपल्याला करायचं आहे ते एकच: जमिनीतून निघणारी ऊब झाडाभोवती धरून ठेवायची.

१. तुमचं अंगण किती गार होतं ते आधी शोधा

अमेरिकेच्या कृषी खात्याचा झाडांच्या थंडी-सहनशक्तीचा नकाशा आहे. २०२३ मध्ये तो नव्यानं निघाला. पिनकोड टाकला की तुमचा झोन कळतो. आपल्या पट्ट्यात बहुतेकांना ९बी किंवा १०ए मिळतो. ९बी म्हणजे वर्षातल्या सर्वांत गार रात्रीची सरासरी २५ ते ३० अंश फॅरनहाइट, १०ए म्हणजे ३० ते ३५. सरासरी या शब्दाकडे नीट बघा. डिसेंबर १९९० आणि जानेवारी २००७ च्या थंडीच्या लाटांनी कॅलिफोर्नियातल्या संत्र्या-लिंबांच्या बागांचं मोठं नुकसान केलं. अशा लाटा नकाशा बघून येत नाहीत.

फॅरनहाइटची सवय नसेल तर चार आकडे पाठ करा, बाकीचे लागत नाहीत. ४० म्हणजे साधारण साडेचार सेल्सिअस, ३६ म्हणजे दोनच्या वर, ३२ म्हणजे शून्य, आणि २८ म्हणजे उणे दोनच्या थोडं खाली.

नकाशापेक्षा तुमच्या अंगणाची ठेवण जास्त महत्त्वाची. हे समजायला महाबळेश्वर आठवा. तिथल्या वेधशाळेचा आकडा शून्याच्या कितीतरी वर असतो, आणि त्याच पहाटे खाली वेण्णा तलावाकाठी गवतावर, गाड्यांच्या टपांवर हिमकण जमल्याचे फोटो वर्तमानपत्रांत येतात. गार हवा जड असते, ती उतारावरून खाली वाहत येऊन खोलगटात साचते. तुमच्याकडेही तेच होतं. टेकडीच्या मध्यावरच्या घरातला मोगरा हिरवागार राहतो आणि पायथ्याच्या घरातला जळतो. उताराच्या तळाशी फटी नसलेलं लाकडी कुंपण असेल तर गार हवा तिथे अडून तुंबते. कढीपत्ता त्या कोपऱ्यात नको. खाडीजवळचा भाग पाण्यामुळे उबदार राहतो, लिव्हरमोर-प्लेझंटनकडची दरी गार पडते, आणि डोंगर ओलांडून ट्रेसीला गेलात की आणखी.

एक किमान-कमाल तापमान टिपणारा थर्मामीटर घ्या आणि नोव्हेंबरात झाडांच्या उंचीवर टांगा. फोनवरच्या आकड्याच्या तुलनेत तुमचं अंगण किती खाली जातं ते दोन आठवड्यांत कळेल. हा फरक एकदा कळला की पुढची बरीच वर्षं कामाला येतो.

२. कोणाला जपायचं आणि कोणाला नाही, ते ठरवा

सगळी बाग झाकायला निघालात तर तिसऱ्या रात्री कंटाळाल. म्हणून आधी वर्गवारी करा.

डाळिंब, अंजीर, द्राक्ष यांची पानं हिवाळ्यात गळतातच. इथल्या थंडीनं त्यांचं काही बिघडत नाही. त्यांच्यावर कापड वाया घालवू नका.

हळद, आलं, अळू यांचा वरचा भाग जाईल, जाऊ द्या. जमिनीखाली गड्डे शाबूत असतात. हळदीची पानं तर या दिवसांत तशीही वाळतातच. गवती चहा वरून तपकिरी होतो, खालचा बुंधा जगतो.

शेवग्याबद्दल फार काळजी करणारे भेटतात. शेवगा जमिनीपर्यंत जळाला तरी मुळातून पुन्हा फुटतो आणि उन्हाळ्यात डोक्याच्या वर जातो. बुंध्याशी वाळल्या पानांचा जाड थर द्या आणि सोडून द्या. केळीची पानं ३२ च्या आसपासच फाटक्या कागदासारखी होतात, पण कंद वाचतो.

लिंबू म्हणजे कुठलं लिंबू ते बघा. मेयर लिंबू बऱ्यापैकी सोसतं. नेहमीचं युरेका त्याहून नाजूक. आपलं कागदी लिंबू, जे इथे मेक्सिकन लाइम किंवा की लाइम म्हणून मिळतं, ते सगळ्यांत नाजूक. पेरू पक्का झाला की काही अंश सोसतो, कोवळा पेरू नाही.

आंबा म्हणजे हौसेचं मोल. कोवळं कलम २९-३० अंशांतही मरू शकतं. मोठं झाड काही तास २५ पर्यंत तग धरतं, पण पानं आणि बारीक फांद्या जातात. मोहोर तर ४० च्या खालीच बिघडू लागतो. म्हणजे झाड जगवणं आणि आंबे खाणं या इथे दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हापूसचं कलम लावताना हे मनाशी धरून लावा.

खरी जपायची मंडळी ही: कढीपत्ता, आंबा, पपई, कागदी लिंबू, जास्वंद, मोगरा, चाफा, आणि पहिल्या-दुसऱ्या वर्षातलं कुठलंही उष्ण प्रदेशातलं रोप. तुळस आणि विड्याची वेल यांना बाहेर ठेवायचा विचारच करू नका. त्यांना शून्याच्या बऱ्याच वरची थंडीही बाधते, म्हणून नोव्हेंबरात कुंड्या आत.

३. सामान आधी आणून ठेवा

थंडीची सूचना आली की दुकानातलं फ्रॉस्टचं कापड त्याच दिवशी संपतं. ऑक्टोबरात आणून ठेवलेलं बरं.

- फ्रॉस्ट-क्लॉथ: पांढरं, हलकं, न विणलेलं कापड. पातळ कापड दोन-चार अंशांचा आधार देतं, जाड कापड सहा-आठचा. झाडाच्या उंचीच्या दुपटीहून थोडं जास्त लांब घ्या.
- जुन्या चादरी, सुती साड्या, पलंगपोस: कोरड्या रात्री उत्तम चालतात. भिजल्या की जड होतात आणि फांद्या मोडतात.
- बांबूच्या किंवा धातूच्या काठ्या, झाडापेक्षा वीतभर उंच.
- कडा दाबायला विटा किंवा दगड, आणि मोठ्या क्लिपा.
- जुन्या पद्धतीच्या, गरम होणाऱ्या बल्बची ख्रिसमसची माळ. एलईडीची माळ शोभेपुरती. ती ऊब देत नाही. या माळांतला सी-९ नावाचा मोठा बल्ब सात वॉटचा असतो, म्हणजे पंचवीस बल्बांची माळ पावणेदोनशे वॉटची झाली, आणि कापडाखाली तेवढी पुरते. नव्या दुकानांत आता जिकडेतिकडे एलईडी, त्यामुळे जुन्या वस्तूंच्या दुकानांत शोधा.
- बाहेर वापरण्याजोगी एक्स्टेन्शन वायर, आणि ती फक्त जीएफसीआय आउटलेटमध्येच, म्हणजे गळती होताच वीज तोडणाऱ्या आउटलेटमध्येच, लावायची.
- कुंड्या हलवायला चाकांची ताटली.

पानांवर फवारायचे, थंडीपासून वाचवतो म्हणणारे द्रावही दुकानात दिसतील. त्या पैशात आणखी एक कापड येतं.

४. सप्टेंबर-ऑक्टोबरची कामं

ऑगस्ट संपला की नायट्रोजनचं खत बंद. दिवाळीच्या सुमारास हवा छान असते, झाडाला जरा खत घालावंसं वाटतं, पण त्यानं येणारी कोवळी पालवी थंडीत पहिली जळते. छाटणीही आता नाही. तीही नवी पालवी फोडते.

जमीन उघडी आणि सपाट ठेवा. इथे लोक गोंधळतात, कारण लाकडाच्या भुश्याचं किंवा पाचोळ्याचं आच्छादन सगळीकडे चांगलं म्हणून सांगितलं जातं. ते मुळांसाठी चांगलं आहेच. पण आच्छादनाखालची माती दिवसा तापत नाही आणि रात्री ऊब सोडत नाही. म्हणून ज्या झाडाची पानं वाचवायची आहेत त्याच्या आळ्यातलं आच्छादन थंडीच्या लाटेपूर्वी बाजूला ओढा. ज्याची फक्त मुळं वाचवायची आहेत, म्हणजे शेवगा, केळ, अळू, त्याला उलट जाड थर द्या.

कुंड्यांना जागा शोधून ठेवा. दक्षिणेकडे किंवा पश्चिमेकडे तोंड असलेली भिंत दिवसभर तापते आणि रात्री ऊब देते, आणि वरून वळचण असेल तर उघड्या आकाशापासून आडोसा मिळतो. घराच्या भिंतीला लागून, वळचणीखाली, एवढ्या एका हलवण्यानं अर्धं काम होतं. अपार्टमेंटमध्ये राहणाऱ्यांना वरच्या मजल्याची बाल्कनी ही तर देणगीच.

याच दिवसांत कढीपत्ता पिवळा पडून पानं गाळू लागतो. रात्री पन्नासच्या खाली गेल्या की तो झोपी जातो, ते स्वाभाविक आहे. पण पाणी कमी पडतंय असं वाटून लोक रोज पाणी घालतात, आणि इथल्या चिकणमातीत मुळं कुजतात. वसंतात झाड उठलं नाही की दोष थंडीला जातो. या झाडांना हिवाळ्यात पाणी हात राखून द्या.

५. अंदाज कसा वाचायचा

फोनवरचं हवामानाचं अ‍ॅप पुरेसं नाही. राष्ट्रीय हवामान सेवेच्या संकेतस्थळावर तुमच्या पत्त्याचा तासागणिक आलेख मिळतो. त्यात तापमान, दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं दव होऊ लागतं तो आकडा), वारा आणि ढग हे चारही बघा.

तापमान ३६ किंवा खाली दाखवत असेल तर सावध व्हा, ३२ ची वाट बघू नका. अंदाजातलं तापमान जमिनीपासून सुमारे पाच फुटांवरच्या हवेचं असतं. तिथे ३६ असताना खाली पानावर दव गोठू शकतं. फ्रॉस्ट अ‍ॅडव्हायझरी याच पातळीची सूचना असते. फ्रीझ वॉर्निंग म्हणजे हवाच ३२ ला किंवा खाली जाणार. फ्रीझ वॉच त्याच्या एक-दोन दिवस आधी येतो, तेव्हाच कापडं काढून ठेवा.

ढग आणि वारा कमी, म्हणजे धोका जास्त. रात्रभर ढग असतील तर बहुतेक वेळा निर्धास्त झोपा.

दवबिंदूकडे फारसं कुणी बघत नाही, पण बघण्यासारखा आहे. तो चाळिशीच्या आसपास असेल तर हवेतली वाफ पानांवर जमते आणि जमताना उष्णता सोडते, त्यामुळे तापमानाची घसरण मंदावते. तो विशीत असेल तर हवा कोरडी, आणि पारा बेलगाम खाली जातो. अशा रात्री सकाळी पांढरं काही दिसत नाही, तरी पानं काळी होतात.

इथल्या हिवाळ्याचा एक साचा आहे, तो ओळखीचा झाला की अंदाज न बघताही कळतं. पाऊस येतो, जातो, मागोमाग उत्तरेची कोरडी थंड हवा येते. पाऊस थांबल्यावरच्या पहिल्या रात्री बहुधा वारा असतो. दुसऱ्या रात्री वारा पडतो, तारे लखलखीत दिसतात. ती रात्र धोक्याची. सर्वांत गार वेळ सूर्योदयाच्या आगेमागे असते, तेव्हा रात्री अकराला बाहेर डोकावून "काही एवढं गार नाही" म्हणू नका.

६. त्या संध्याकाळचा क्रम

१) सकाळी किंवा दुपारी जमिनीला पाणी द्या, पाऊस पडून गेला नसेल तर. ओली माती कोरडीपेक्षा जास्त उष्णता साठवते आणि रात्री जास्त सोडते. पानांवर पाणी नको.

२) पिकलेली लिंबं, संत्री काढून घ्या. २८ च्या खाली काही तास गेले तर फळातला रस गोठतो आणि फळ आतून सुकत जातं. एखादं गोठलंच तर लगेच रस काढून वापरा.

३) काठ्या रोवा, माळ असेल तर ती खालच्या फांद्यांतून आणि बुंध्याभोवती फिरवा. बल्ब कापडाला टेकता कामा नये.

४) सूर्य मावळायच्या आधी कापड टाका. अंधार पडल्यावर टाकलंत तर धरून ठेवायची ऊब तोवर निघून गेलेली असते.

५) कापड चारी बाजूंनी जमिनीला टेकवा आणि विटांनी दाबा.

ही पाचवी पायरी सगळ्यांत जास्त चुकते. गल्लीतून फिरताना बघा: झाडाच्या डोक्यावर चादर गुंडाळून बुंध्याशी दोरीनं आवळलेली असते. माणसाला अंगावर पांघरूण चालतं, कारण त्याचं अंग गरम असतं. झाड स्वतः ऊब तयार करत नाही. बुंध्याशी आवळलेलं कापड जमिनीतून येणारी ऊब बाहेरच ठेवतं. कापडाचा तंबू करायचा आहे, तोही खालून जमिनीला उघडा.

प्लास्टिक वापरायचंच असेल तर ते पानांना टेकू देऊ नका. जिथे टेकतं तिथलं पान हमखास जळतं. कापड आत आणि प्लास्टिक बाहेरून असं दुहेरी चालतं.

नाशिकच्या बाजूच्या मंडळींच्या मनात शेकोटीचा विचार येणारच. निफाडचा पारा उतरला की द्राक्षबागांत पहाटे शेकोट्या पेटतात, ठिबक सुरू होतं, हे आपण लहानपणापासून पाहिलेलं. त्यातलं पाणी इथेही लागू आहे, शेकोटी नाही. एक तर धुराचे कण इतके सूक्ष्म असतात की जमिनीतून निघणारी उष्णता ते फारशी अडवत नाहीत. बागेत कामाला येते ती जागोजागच्या आगींची प्रत्यक्ष ऊब. दुसरं म्हणजे बे एरियात हिवाळ्यातल्या स्तब्ध रात्री धूर खालीच कोंडतो, त्यामुळे याच दिवसांत हवेच्या प्रदूषणाची सूचना लागू होऊन लाकूड जाळायला बंदी असते, अंगणातसुद्धा. शेजारी अग्निशामक दलाला बोलावतील ते वेगळंच. कापडाखाली मेणबत्ती किंवा पणती ठेवण्याचा सल्लाही ऐकू येतो. कृपा करून नको.

रात्रभर स्प्रिंकलर चालू ठेवणं ही मोठ्या बागांची पद्धत आहे. पाणी गोठताना उष्णता सोडतं, त्यावर ती चालते. पण ती सुरू केली की सगळा बर्फ वितळेपर्यंत थांबवता येत नाही. मध्येच थांबलात तर बाष्पीभवनानं झाड आणखी गार होतं. घरच्या बागेत बर्फाच्या ओझ्यानं फांद्या मोडतात आणि चिखल होतो तो वेगळा.

७. दुसऱ्या दिवशी सकाळी

ऊन अंगणात आलं आणि पारा चाळिशीच्या वर चढला की कापड काढा, किमान बाजूला सारा. दिवसा जमीन पुन्हा तापली पाहिजे, नाहीतर पुढच्या रात्री धरून ठेवायला काही उरणार नाही. प्लास्टिक असेल तर सकाळीच काढा. त्याच्याखाली दुपारपर्यंत झाड शिजतं. थंडीची लाट सहसा सलग काही रात्री टिकते, त्यामुळे काठ्या तशाच राहू द्या आणि कापडं कोरडी करून जवळच ठेवा. नोकरीमुळे सकाळी वेळ नसेल तर फ्रॉस्ट-क्लॉथच घ्या. त्यातून प्रकाश आणि हवा जाते, एखाद-दोन दिवस तसंच राहिलं तरी बिघडत नाही.

कुंड्या घरात घेतल्या असतील तर हीटरच्या झरोक्यासमोर ठेवू नका. कोरड्या गरम हवेनं पानं गळतात आणि लाल कोळी पडतो. चाफा पानं गळून निजला की त्याला उजेडाचीही गरज नसते. गॅरेजमध्ये कोरडा उभा करा, वसंतापर्यंत पाणी जवळजवळ बंद.

८. पानं काळी पडली तर कात्री लपवून ठेवा

एवढं करूनही एखाद्या सकाळी पानं काळी दिसतील. तेव्हा काहीही करायचं नाही, आणि हे सगळ्यांत अवघड आहे. काळा पाला बघवत नाही, पाहुणे यायचे असतात, म्हणून लोक त्याच शनिवारी झाड साफ करतात.

तसं करू नका. मेलेली पानं आणि टोकं पुढच्या थंडीत खालच्या जिवंत फांदीला आडोसा देतात. छाटलंत की झाड नवे कोंब फोडतं, आणि जानेवारीतला एखादा उबदार आठवडा संपून पुन्हा पारा उतरला की ते कोंबही जातात. अशा दोन-तीन फेऱ्यांत झाडाचा साठा संपतो. फ्रॉस्टमधून वाचलेलं झाड कात्रीनं मरतं ते असं. शिवाय फांदी नक्की कुठवर मेली आहे ते त्या आठवड्यात कळतच नाही. ते उमटायला महिने लागतात.

खतही नको. दुखावलेल्या झाडाला ते आता घेता येत नाही. पाणी नेहमीपेक्षा कमी, कारण पानंच नसतील तर पाणी उडत नाही.

अपवाद दोन. टोमॅटो, वांगी, तुळस यांच्यासारखी हंगामी झाडं गेली तर गेली, उपटून कंपोस्टमध्ये टाका. आणि कोरफडीसारख्या रसाळ झाडांचे लिबलिबीत झालेले भाग काढा, नाहीतर कूज आत उतरते.

उघडी पडलेली खोडं मात्र बघा. लिंबू-आंब्याची पानं गळाली की ज्या सालीवर कधी ऊन पडलं नव्हतं तिच्यावर ते थेट पडतं, आणि साल भाजून तडकते. घरातल्या भिंतींचा पांढरा लेटेक्स रंग निम्म्यानं पाणी घालून खोडाला आणि वरच्या जाड फांद्यांना लावा.

९. छाटणी: नवी पालवी दिसल्यावरच

मार्चचा शेवट किंवा एप्रिल. काही झाडं मे उजाडला तरी गप्प असतात, कढीपत्ता त्यांतलाच. नखानं साल जराशी खरवडून बघा: खाली हिरवं आणि ओलसर असेल तर फांदी जिवंत, तपकिरी आणि कोरडं असेल तर मेलेली. टोकाकडून खाली येत तपासा. नवे कोंब फुटले की ते जिथून आले त्याच्या थोडं वर कापा.

कलमी झाडांत एक फसवणूक होते. फुटवा कलमाच्या जोडाच्या वरून आला आहे की खालून ते नीट बघा. खालून आला असेल तर तो खुंटाचा, म्हणजे ज्या झाडावर कलम बांधलं त्याचा. लिंबाच्या खुंटाला बहुधा मोठे काटे आणि तीन-तीन पानांचे गुच्छ असतात. तो जोमानं वाढतो, आपण आनंदतो, आणि काही वर्षांनी खायला न येणारी कडू-आंबट फळं लागतात. जोडाच्या वर काही जिवंत असेल तर खालचे फुटवे काढत राहा. वर सगळंच मेलं असेल तर झाड बदलायचं. कढीपत्ता बहुधा बियांपासून किंवा मुळाच्या फुटव्यांपासून केलेला असतो, त्यामुळे तो जमिनीतून फुटला तरी कढीपत्ताच असतो.

१०. झाड गेलंच तर नवं कुठून आणायचं

इथे कढीपत्त्याबद्दल एक नियम माहीत असायलाच हवा. कढीपत्ता लिंबाच्याच कुळातला. लिंबाच्या झाडांना मारणारा एचएलबी नावाचा रोग पसरवणारी तुडतुड्यासारखी आशियाई कीड, एशियन सिट्रस सिलिड, कढीपत्त्यावरही राहते. त्यामुळे कॅलिफोर्नियात लिंबू आणि कढीपत्त्याची रोपं, फांद्या, पानं एका भागातून दुसऱ्या भागात नेण्यावर निर्बंध आहेत, आणि लॉस एंजेलिस, ऑरेंज या दक्षिणेकडच्या काऊंट्यांत एचएलबीसाठी क्वारंटाइन आहे. लॉस एंजेलिसच्या मावशींनी गाडीत घालून दिलेलं रोप म्हणूनच घेऊ नका. भारतातून सामानात ताजी पानं आणणंही मना आहे. विमानतळावर ती काढून घेतात.

परवाना असलेल्या नर्सरीतून, लेबलसकट रोप घ्या आणि लेबल जपून ठेवा. झाडाची ओळख पटत नसेल, डाग कसला ते कळत नसेल, तर अलामेडा आणि सांता क्लारा काऊंटीत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या मास्टर गार्डनर स्वयंसेवकांची मदतसेवा मोफत आहे. फोटो पाठवताना झाडाचं इंग्रजी नाव आणि त्या रात्रीचं किमान तापमान लिहा. पहिल्या पायरीतला थर्मामीटर असेल तर तो आकडा तुमच्याकडे असतोच.

नवं रोप एप्रिलमध्ये लावा, ऑक्टोबरात नर्सरीत सेल लागला तरी नाही. सहा-सात महिने मुळं धरायला मिळाली तर पहिला हिवाळा पार पडतो. पहिली दोन वर्षं कुंडीतच वाढवलंत तर आणखी बरं: बुंधा पेन्सिलीहून चांगला जाड झाला की मग दक्षिणेकडच्या भिंतीशी, घरापासून दोन-तीन फुटांवर जमिनीत उतरवा.